ओकवाले साहेब

मांडव्याच्या जेटीवर उतरणाऱ्या मुंबईकरांत एक जमात आहे, अँटिकवाल्यांची. ओळखायला सोपी. बाकीचे लोक रो-रोतून गाडीत कुत्रा आणतात, हे टेम्पोत कपाट आणतात.

आमच्या शेजारच्या बंगल्यातले साहेब त्यातलेच. गेल्या आषाढात त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक साइडबोर्ड आणला.

"व्हिक्टोरियन ओक!" त्यांनी मिस्त्रींना सांगितलं.

"कुठल्या ओकांकडचा?" मिस्त्रींनी विचारलं. कोकणात ओक हे आडनाव आहे, लाकूड नव्हे.

साहेबांनी भिंग काढलं. ड्रॉवरचे सांधे एकसारखे नाहीत, म्हणजे हातानं कापलेले, म्हणजे जुने, म्हणजे विलायती! मिस्त्रींनी ड्रॉवर उपसला, तळाची कोरी फळी किंचित तासली आणि भुसा साहेबांच्या नाकाशी धरला.

"तेलकट वास येतो ना? साग आहे. बंगल्यांमधून ओकावरही रंधा मारलाय मी. गाभ्यातून उभा चिरला की चंदेरी पट्टे उमटतात त्यावर. इथे एक तरी दाखवा."

साहेबांचा चेहरा असा पडला, जणू मुलीला सांगून आलेलं लंडनचं स्थळ डोंबिवलीचं निघालं.

मी धीर दिला. "अहो, या समोरच्याच मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 साली इंग्रजी आरमारासाठी 'ट्रिंकोमाली' बांधली, ती सागाचीच. तेव्हा खुद्द इंग्रजांना ओक पुरत नव्हता! हार्टलपूलला आजही तरंगतेय ती."

"तरंगू दे," साहेब म्हणाले, "मला कुठे साइडबोर्ड समुद्रात सोडायचाय?"

जुनं पॉलिश चपडीचं होतं. स्पिरिटच्या बोळ्यानं अलगद सुटलं असतं. साहेबांनी घासायचं मशीन लावलं आणि कपाटाचं जे काही वय होतं, त्याचा एका रविवारात भुगा केला. मग भर पावसात स्वतः नवी चपडी चढवली. दमट हवेत स्पिरिटचं पॉलिश पांढरं पडतं, तसं ते पडलं. साहेब खूश. "बघा, विंटेज फिनिश!"

दिवाळीनंतर मिस्त्रींनी कोरड्या हवेत ते सगळं उतरवून पुन्हा पॉलिश केलं. साइडबोर्ड आता झळझळतो. साहेब पाहुण्यांना सांगतात, "ओक आहे, नुसता दिसतो सागासारखा."

मांडव्याच्या खाऱ्या हवेत टिकणार साग, आणि नाव होणार ओकाचं.