संन्याशाला सुळी

न्यू जर्सीत मुलाकडे सहा महिने राहायला आलेले नाना तुम्हीही कुठेतरी पाहिले असतील. उभी हयात खातेनिहाय चौकश्या करण्यात गेलेली. निवृत्तीनंतरही खुमखुमी कायम. आल्या आल्या शेजाऱ्याचं कुत्रं, दुधाचा गॅलन आणि सुनेचा डिशवॉशर यांच्यावर ठपका ठेवून झाला. मग ऑगस्ट सरत आला, नानांना शिंका सुरू झाल्या आणि त्याच सुमारास रस्त्याकडेला गोल्डनरॉड फुललं. पिवळंधमक, कमरेएवढं, लपायचं नाव नाही. आरोपी असा समोर उभा असताना तपास कशाला करायचा?

नातीनं समजावलं, "आजोबा, याचे परागकण जड आणि चिकट असतात. मधमाश्यांच्या अंगाला लागून जातात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. तुम्हाला शिंका येतात त्या रॅगवीडमुळे."

रॅगवीड हे सूर्यफुलाच्याच कुळातलं, म्हणजे गोल्डनरॉडचं भाऊबंद. फुलतंही त्याच दिवसांत. फुलं हिरवट, बारीक, नजरेत न भरणारी; पण एकेक रोप मोसमात अब्जापर्यंत परागकण वाऱ्यावर सोडतं. नानांनी ते निरखून पाहिलं. "हे? हे तर बिचारं साधं गवत आहे."

त्यांच्या खात्यात कोण सुटत असेल आणि कोण निलंबित होत असेल, याचा मला तेव्हा अंदाज आला.

मुलगा म्हणाला, "नाना, नेब्रास्कानं १८९५ साली गोल्डनरॉडला राज्यफूल केलंय. केंटकीनंही, १९२६ साली."

"म्हणजे लागेबांधे वरपर्यंत आहेत."

एडिसननं याच्या पानांतून रबर काढलं होतं, हे कळल्यावर "जोडधंदाही आहे" अशी नोंद झाली.

शेवटी सुनेनं नानांच्या निरोपसमारंभाचा फोटो आणला. हातात पुण्याच्या मार्केट यार्डातल्या फुलांचा गुच्छ. गुलाबांमधून डोकावणारे गोल्डनरॉडचे पिवळे तुरे थेट नानांच्या नाकाखाली. चेहरा प्रसन्न, नाक कोरडं. नानांनी चष्मा पुसला, फोटो पुन्हा पाहिला.

"तेव्हा मी सेवेत होतो."

तुमच्याकडेही असे नाना यायचे असतील, तर तिकीट फेब्रुवारीचं काढा आणि ऑगस्टच्या मध्याआधी त्यांना विमानात बसवा. रॅगवीडचा मोसम तिथून सुरू होतो, तो पहिल्या कडक थंडीपर्यंत चालतो.