मोडक्या मनगटाचे शास्त्र

प्रति,
मराठी विनोदी कार्यक्रमांचे समस्त लेखक,
मुक्काम मुंबई.



समलिंगी पुरुष ओळखण्याच्या खुणा मराठी दूरचित्रवाणीने कायमच्या ठरवून दिल्या आहेत: मनगट मोडलेले, चाल लचकती, ‘इश्श’ सढळ आणि दिसेल त्या पुरुषाच्या गळ्यात पडण्याची घाई. समलिंगी स्त्री या शास्त्रात जवळजवळ आढळत नाही. तृतीयपंथी आढळतो तो टाळी वाजवण्यापुरता. यांपैकी कोणालाही घर, नोकरी किंवा आई नसते.

हे ज्ञान उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यातल्या नंदिगड्डे गावापर्यंत डिशवरून बिनबोभाट पोचते. रात्रीच्या प्रहसनातल्या अशाच एका पात्राचे नाव दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर एका हळू बोलणाऱ्या मुलाला चिकटले. पुढच्या आठवड्यात कार्यक्रमात नवे पात्र आले. मुलाला मात्र अजून त्याच नावाने हाक मारतात.

साडी नेसलेल्या पुरुषाचे या जिल्ह्याला नवल नाही. यक्षगानात स्त्रीवेष परंपरेने पुरुषच करत आले आणि त्यांची द्रौपदी पाहायला माणसे रात्र जागवत आली. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला वाहिलेले, साडी नेसणारे जोगप्पा याच मुलखाचे. त्यांच्या पाया पडणारे त्यांना पंगतीला बसवतातच असे नाही, हेही खरे. तरी त्याच परंपरेतल्या मंजम्मा जोगती 2019 मध्ये कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि 2021 च्या पद्मश्रींत त्यांचे नाव आले. मराठी रंगमंचावरही विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ नाटकात स्त्रीवर प्रेम करणारी नायिका आणली ती 1981 मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. प्रहसनातले मनगट त्यानंतरही सरळ झालेले नाही.

लेखकांची अडचण खरी आहे. दर आठवड्याला नवे प्रहसन, गुरुवारी टीआरपीचा आकडा, वर वाहिनीचा फोन. अशा धबडग्यात हुकमी हशा कोण सोडील? नटालाही झगमगत्या दिव्यांखाली घामाघूम होऊन तेच करावे लागते. पण मुंबईतल्या या सोयीची किंमत नंदिगड्ड्यातले एक पोर रोज भरते, आणि ‘गंमत होती हो’ एवढ्यावर ती फिटत नाही. हा शुद्ध आळशीपणा आहे, आणि निर्लज्ज आहे.

पुढच्या भागात असे पात्र हवेच असेल तर त्याला एक नोकरी द्यावी, एक आई द्यावी आणि हशा वसूल करणारे वाक्य त्याच्याच तोंडी घालावे.

कळावे.