पायांची सोय

माणसाला कुठे आणि कसं बसवावं, हे औरंगाबादच्या गुलमंडीला जितकं कळतं तितकं कुठल्याही विमानतळाला कळत नाही. पैठण गेटकडून टिळकपथाने गुलमंडीत या आणि सुपारी हनुमानाला हात जोडून एखाद्या जुन्या कापडदुकानाची पायरी चढा, म्हणजे पटेल. लग्नसराईत बस्ता बांधायला गावोगावची खटली इथे उतरतात. सकाळी गादीवर टेकलेली मंडळी दिवेलागणीला उठतात. दरम्यान पाणी येतं, चहा येतो, पुन्हा चहा येतो. विमानतळावर आता ज्याला लाउंज म्हणतात तो आमच्याकडे केव्हाचा आहे, फक्त इथून विमान सुटत नाही, पैसे सुटतात.

पण एवढी माणसं एका गादीवर दिवसभर बसवायची, तर कायदा लागतो. चपला पायरीखाली. साड्या निवडणाऱ्या बायका पुढे, पैसे देणारा गल्ल्याजवळ, आणि उगाच आलेले काका भिंतीकडे. दोन्ही विहिणी एकाच ओळीत, पण मध्ये एखादी करवली, वाद पेटला तर झळ थेट पोचू नये म्हणून. लोड जावयाला. जावई हजर असताना लोड दुसऱ्या कुणाच्या पाठीशी गेला, तर तो विषय पहिल्या बारशापर्यंत पुरतो.

पायांचा कायदा त्याहून कडक. मांडी घालायची. गुडघा कुरकुरला तर पाय बाजूला घ्यायचा, पदराखाली झाकायचा. गल्ल्याकडे तळवा नाही, कारण दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्याच गादीवर वह्यांची पूजा होते. साडीला पाय लागला तर हात लावून कपाळाला न्यायचा, मग ती साडी घ्यायची असो वा नसो. आणि व्याह्यांकडे तर स्वप्नातही तळवा करायचा नाही. यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नाही. दुकानात पाट्या असतात त्या ‘एकच भाव’ आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशा. पायांची पाटी लावावी लागत नाही. फार झालं तर माल दाखवणारा पोऱ्या म्हणतो, “जरा पैर संभालके, भाभी,” आणि काम भागतं.

हे सगळं अंगी मुरलेल्या माझ्या काकूंना दुबईला मुलाकडे जायचं होतं. चिकलठाण्याहून मुंबई आणि पुढे दुबई. सोबतीला मुंबईपर्यंत मी. मध्ये बराच वेळ होता. मुलाने दिलेल्या कार्डावर २ रुपये कापून घेऊन आम्हाला लाउंजमध्ये सोडण्यात आलं. इतक्या स्वस्तात गुलमंडीत कुणी रुमालाची घडीसुद्धा उलगडत नाही, म्हणून काकूंना पहिल्या पावलालाच संशय आला.

आत खुर्च्या होत्या गुबगुबीत, आणि प्रत्येक खुर्चीपुढे एक तसंच गुबगुबीत बैठं प्रकरण. त्याला ना पाठ ना हात. काकूंनी त्याला सगळीकडून दाबून पाहिलं. शेजारचा मुलगा अदबीने म्हणाला, “काकू, ऑटोमन आहे ते. पाय ठेवायला.”

आता मी इतिहासाचा माणूस नाही, पण औरंगाबादेत वाढल्यावर थोडाफार इतिहास अंगावर धुळीबरोबर बसतोच. मी काकूंना सांगितलं की ऑटोमन म्हणजे तुर्कस्तानचे सुलतान. १९३१ साली हैदराबादच्या सातव्या निजामाच्या दोन मुलांची लग्नं फ्रान्समधल्या नीस शहरात झाली आणि दुर्रुशेहवार व निलोफर या दोन्ही सुना त्या ऑटोमन घराण्यातल्या. आपलं औरंगाबाद तेव्हा निजामाच्याच राज्यात, थेट १९४८पर्यंत.

काकू म्हणाल्या, “म्हणजे व्याहीच की आपले!”

झालं. व्याह्यांच्या अंगावर पाय ठेवण्याचा प्रश्नच मिटला. काकूंनी चपला काढल्या, खुर्चीत मांडी घातली, ऑटोमनवर स्वच्छ नॅपकिन अंथरला आणि त्यावर धपाट्यांचा डबा मांडला. तिकडे ताटं वाढून घ्यायची सोय होती, पण मराठवाड्याची बाई प्रवासाला धपाट्यांशिवाय निघत नाही. पायाखालच्या वस्तूला असा चौरंगाचा मान मिळालेला त्या लाउंजने प्रथमच पाहिला असावा.

मी तेवढ्यात बाकीचा दरबार पाहून घेतला. एकाने एका खुर्चीवर स्वतःला, दुसरीवर कोटाला आणि ऑटोमनवर बॅगेला बसवलं होतं, आणि त्यांच्यापुढे एक आजोबा हातात ताटली घेऊन उभे होते. एक मुलगी ऑटोमन ओढत भिंतीतल्या प्लगपर्यंत घेऊन गेली होती, कारण तिच्यापेक्षा तिचा फोन जास्त थकला होता. दोन पोरं त्यावर नाचत होती आणि आईबाप त्यांना ओळख देत नव्हते. एकजण दोन खुर्च्या जोडून गाढ झोपला होता. आमच्या देवगिरी किंवा नंदिग्रामने जाणारा साधा माणूससुद्धा हे करू धजत नाही, कारण रेल्वेने चक्क नियम केलाय: मधल्या बर्थवर झोपायचं ते रात्री १० ते सकाळी ६, एरवी बर्थ खाली पाडायची आणि सगळ्यांनी बसायचं. स्लीपरच्या तिकिटाला घड्याळ लावून कायदा, आणि विमानाच्या तिकिटाला काहीच नाही! माणूस जितके जास्त पैसे मोजतो तितकी शिस्त त्याला माफ होते की काय, न कळे.

इतक्यात समोर सुटातले एक गृहस्थ आले. बसले, आणि बुटासकट दोन्ही पाय त्यांच्या ऑटोमनवर. तळवे थेट धपाट्यांकडे. आता काकू काय बोलतात, या धास्तीने मी पेपरात तोंड घातलं. पण बस्त्यात विहीण सांभाळलेली बाई ती. गोड आवाजात म्हणाल्या, “भाऊ, दमलेले दिसता. बूट काढून सैल पाय पसरा ना. इथं कोण परकं आहे?”

गृहस्थांनी बुटांकडे पाहिलं. क्षणभर विचार केला. आणि दोन्ही पाय मुकाट खाली घेतले. मोज्यांची खात्री नसावी. काकूंनी लगेच एक धपाटं पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, आणि मग लसणाच्या चटणीची चौकशीही केली.

तेव्हा लाउंजमध्ये बसणाऱ्यांना माझं इतकंच सांगणं. पाय वर ठेवायचाच तर बूट काढून ठेवा. मोजा दगा देणारा असेल तर पाय जमिनीवरच शोभतो. बॅगेने तिकीट काढलेलं नसतं, तिला खुर्ची देऊ नका. आणि कुणी उभं दिसलं तर आधी पायांनी जागा सोडावी, कारण पायांना खाली जायला जागा असते, उभ्या माणसाला नसते. लाउंज चालवणाऱ्यांनीही आपली माणसं लग्नसराईत गुलमंडीला शिकायला पाठवावीत. चहा फुकट मिळेल. नुसतं बघायला आलोय म्हटलं तरी उठताना निदान एक टॉवेल घ्यावा लागेल, तेवढी तयारी ठेवावी. चपला मात्र पायरीखाली आपापल्या जबाबदारीवर.