उजेडाचा टंच

विट्यात दर दोन गल्ल्यांआड एक लाईटवाला बापू सापडतो. साठी ओलांडलेली, दाराशी जुनी अल्टो, आणि गाडीपेक्षा तिच्या दिव्यांवर जास्त जीव. शेजारी नवी गाडी आली की बाकीचे पेढे मागतात. बापू बंपरपुढे उकिडवा बसून काचेवर टिचकी मारतो. "कंपनीचा हॅलोजन. डिपरला पंचावन्न वॅट. सुर्लीच्या घाटात काय दिसणार ह्यात, कपाळ?"

बोलणं अगदीच खोटं नसतं. ऊस हंगामात रात्री कऱ्हाडहून विट्याला येणाऱ्याला वाटेत काय भेटतं ते ठाऊक आहे. वांगी-कुंडलकडच्या कारखान्यांना निघालेला डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर, पुढे एकच दिवा चालू, मागे रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाखाली, आणि गाणं मात्र फुल्ल. ते गाणं हाच त्याचा टेल लॅम्प, असं बापूचं मत आहे.

विटा धरून साऱ्या खानापूर तालुक्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यापायी देशभरच्या सराफ बाजारांत पोचली. बापूही तरुणपणी मामाच्या दुकानात भट्टीपुढे बसला होता. धंदा जमला नाही, पण टंच, म्हणजे कस, काढायची खोड राहिली. समोर आलेली वस्तू सांगितली तेवढी अस्सल नाही, हे गृहीत धरूनच तो बाजारात पाऊल टाकतो.

आणि स्वस्त एलईडीचा बाजार म्हणजे या खोडीला कुरणच. सहाशे रुपयांच्या जोडीच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, तीनशे वॅट. बापू दुकानदाराला शांतपणे हिशेब घालतो: बॅटरी बारा व्होल्टची, तीनशे वॅट म्हणजे पंचवीस अँपिअर, एवढा करंट गेला तर ही बारकी वायर आधी पेटेल, दिवा नंतर. मग खिशातून मल्टिमीटर निघतो. काटा दोन अँपिअरवर. चोवीस वॅट.

"म्हंजे शंभरात आठ टंच," बापू निकाल देतो.

"घ्यायचं असलं तर घ्या बापू," दुकानदार म्हणतो, "न्हाईतर जरा उजेडातनं बाजूला व्हा."

दिल्लीला गलाईचं दुकान असलेला भाचा सुट्टीला निघाला, की कश्मिरी गेटच्या बाजारातून काय काय आणायचं याची यादी त्याच्या फोनवर आधीच पडलेली असते. वॉटरप्रूफ लिहिलेलं नको, आयपी ६७ लिहिलेलं हवं; त्यात धूळ शिरत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास दिवा टिकतो. लुमेनचे आकडे वाचू नको, काचेवर गोलात ई कोरलाय का ते बघ. रिलेशिवाय वायरिंग आणलंस तर घरात घेणार नाही. तीस, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी हे रिलेच्या पिनांचे नंबर बापूला तोंडपाठ आहेत. नातवंडांचे वाढदिवस वहिनी लक्षात ठेवतात.

त्याचा खरा राग हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब खुपसणाऱ्यांवर. रिफ्लेक्टरची वाटी घडवलेली असते हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेसाठी. तिथं दुसऱ्या घाटाची चिप बसवली की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त. हे सांगताना बापू २०१४ च्या नोबेलवर येतो. निळ्या एलईडीबद्दल ते आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं. त्याच निळ्या चिपेवर पिवळा फॉस्फर चढवून पांढरा उजेड काढतात. "नाकामुरानं एवढं डोकं लावलं," बापू म्हणतो, "आन् आपली पोरं साडेसहा हजार केल्विनचा निळा भगभगाट लावून रस्त्यावरच्या म्हशी बुजवत्यात."

कायदाही त्याला पाठ. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम १०६: आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला दिव्यानं दिपवता कामा नये. पुतण्या पावणेसहा फुटांचा, म्हणून त्याला पट्टीनं मोजून गुडघ्यात वाकवून उभा करतो. यंत्रमागाच्या शेडची भिंत समोर, हातात स्क्रू-ड्रायव्हर, दहा मीटरवर झोत दहा सेंटिमीटर खाली. मागाच्या खडखडाटात पुतण्याचं "बापू, पाय दुखाय लागलं" ऐकू येत नाही, किंवा बापू ऐकत नाही.

एवढं होऊनही लोकांचे दिवे त्याला सोसत नाहीत. समोरून गाडी आली की दिव्याला तारे फुटतात, कडेनं रंगीत वलयं दिसतात. बापूनं याचा दोष आधी चिनी लेन्सला दिला, मग आरटीओला.

शेवटी वहिनींनीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, तारे समोरच्याच्या दिव्याला नाही, तुमच्या भिंगात फुटतात; ऑपरेशन होईपर्यंत रात्रीची गाडी बंद. बापू खुर्चीत पुढे सरकला.

"आत बसवायची लेन्स कशी असती? पांढरी का पिवळी?"

दोन्ही मिळतात, डॉक्टर म्हणाले, काही जण निळा उजेड अडवणारी पिवळसर घेतात. ही माहिती त्यांनी द्यायला नको होती. ऑपरेशन लांबणीवर पडलंय. भाच्याला नवी यादी गेलीये, आणि डॉक्टरांना विचारलेला एक प्रश्न अजून उत्तराविना आहे: खोक्यावर लिहिलेला नंबर तपासायचा कशानं?