शेवटचा उपाय

जुन्या गाडीचा रोग धुरावरून ओळखता येतो, हे कळल्यापासून कोरपन्यात माझी डॉक्टरकी सुरू झाली. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त नाहीतर हवा कमी, पांढरा म्हणजे सिलिंडरात पाणी. डिसेंबरातल्या एका पहाटे सायलेन्सरमधून पांढरं काही निघालं आणि मी ‘हेड गॅसकेट गेलं’ असं जाहीर केलं. मिस्त्री आला ऊन चढल्यावर. धूर गायब. रेडिएटरचं पाणी जागेवर, ऑइलही दुधाळ नाही. “थंडीत सगळ्याच गाड्या वाफ सोडतेत जी,” म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

काळ्या धुराच्या वेळी मी कारबोरेटर खोलून बसलो होतो. गडचांदूरच्या रस्त्यावर रोज सिमेंटच्या ट्रकांमागून जाणाऱ्या गाडीचा आधी एअर फिल्टर झटकावा, हे सुचलं बायकोला. तिने स्टेअरिंगला कधी हात लावलेला नाही. पण चाळणी गच्च बसली की पीठ पडत नाही, एवढं तिला पुरलं.

माझी खरी कीर्ती झाली ती मे महिन्यात. पारा 45च्या पुढे. राजुऱ्याहून भरदुपारी परतताना गाडी आचके देत बंद पडायची. मी बॉनेट उघडून प्लग पुसायचो, गाडी चालू. पुढच्या वेळी डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासले, चालू. मग नवी कॉइल बसवली. तीही लागू पडली. एकदा तर नुसत्या शिव्या दिल्या, त्याही लागू पडल्या. प्रत्येक उपायाला अर्धा तास लागायचा आणि तेवढ्यात इंजिन निवायचं, हा योगायोग माझ्या लक्षात यायचं कारण नव्हतं. लोक सल्ल्याला येऊ लागले होते.

शेवटी एका ट्रकवाल्याने हात घातला. “पेट्रोलची वाफ होऊन राहिली ना पंपात! दुपट्टा वला करा.” पेट्रोलचा हलका भाग चाळिशीच्या आसपासच वाफ व्हायला लागतो. इंजिनाला चिकटलेला पंप तापला की त्यात वाफ कोंडते आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच ओढत बसतो. डोक्याचा दुपट्टा भिजवून पंपाला गुंडाळला. पाच मिनिटांत गाडी चालू. कॉइलचे पैसे गेले ते गेलेच.

पण विद्या हाती आली! आठवड्याभरातच रस्त्याकडेला एक चकचकीत गाडी बंद दिसली. मी धावलो, दुपट्टा भिजवला, बॉनेटखाली डोकं घालून पंप शोधू लागलो. मालक पोरगेलासा होता. त्याने बराच वेळ अदबीने पाहिलं.

“काका, या गाडीत पंप टाकीत रायते. आन् पेट्रोल संपलं जी. दोस्त आणाले गेला.”

ऊन मी म्हणत होतं. ओला दुपट्टा मी स्वतःच्याच डोक्याला बांधला.