६० लाखांचा फ्लॅट आणि माईंचं तोंड

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या माईंच्या धाकट्यानं फ्लॅट घेतला की हो! वाघोलीला. ६० लाखांचा. रिसेलचा आहे, म्हणजे जीएसटीची भानगड नाही, तेवढंच. पण काल भाजीच्या गाडीपाशी भेटल्या, तर तोंड असं उतरलेलं... पेढ्यांचं नाव नाही!

खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बँक ८० टक्के देते, मग १२ लाख भरले की घर आपलं, असंच धरून चाललो होतो." ते १२ लाख कसे उभे केले ते आपल्या गल्लीला ठाऊकच आहे. मुलाचा पीएफ, नानांची एफडी, नि सुनेच्या माहेरून... जाऊ दे, मी कशाला बोलू. तर काय सांगत होते, हां, एजंटानं हिशेबाचा कागद पुढे केला. स्टँप ड्यूटी ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार! वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार. आणि बँक लोन ठरवताना हे पैसे घराच्या किमतीत धरतच नाही. सगळं आपल्याच खिशातून. नाना म्हणे चष्मा पुसत बसले, कुणाकडे बघेचनात.

तेवढ्यात सून म्हणाली, "माझ्या एकटीच्या नावावर घ्या ना. बायकांना एक टक्का सूट आहे, ६० हजार वाचतील." अहो, माईंचा चेहरा! "म्हणजे माझ्या लेकाचं नावच नको?" त्याचं नाव जोडलं की सूट गेली, हे तिनं नीट समजावलं हो. पण ऐकतंय कोण! नावं लागली दोघांची. ६० हजार गेले मानापानात. मी असते तर सुनेचं ऐकलं असतं, पण मला कोण विचारतंय...

खरी गंमत पुढेच आहे. गावच्या जमिनीचे ७ लाख दिवाळीपर्यंत यायचेत ना, ते नाना लोनमध्ये भरायचे म्हणत होते. तर थोरला उठला, "अजिबात नको! आधी भरलं तर बँक दंड लावते. मी भरलाय ना २ टक्के!" म्हणजे २० लाखांवर ४० हजार, बघा. सगळे गप्प. आणि ही सून, अगदी गोड आवाजात हं, "दादा, तुमचं लोन फिक्स्ड रेटचं होतं ना? फ्लोटिंगच्या होम लोनवर बँकांना दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१२ सालीच बंद केलाय." थोरला गोरामोरा! मोठी जाऊ पदरात तोंड खुपसून हसत होती, हे मला तिनंच सांगितलं.

पण थांबा, धाकटाही काही कमी नाही. पाव टक्का स्वस्त म्हणून 'पहिली दोन वर्षं फिक्स्ड, मग फ्लोटिंग' अशा स्कीमवर सही करायला निघाला होता! म्हणजे दिवाळीत ७ लाख भरायला गेले असते, तर नेमके त्या फिक्स्डच्या काळातच सापडले असते. सुनेनं कागद वाचला नि पेन काढून घेतलं हातातून. आता पहिल्यापासून फ्लोटिंगच घेतलंय. ७ लाख भरल्यावर हप्ता तेवढाच ठेवायचा नि वर्षं कमी करून घ्यायची, हेही तिचंच डोकं. माई अजून फुरंगटलेल्याच आहेत, पण नाना आता प्रत्येक कागद आधी सुनेपुढे ठेवतात म्हणे.

तुमच्या भाच्याचंही घराचं चाललंय ना? त्याला म्हणावं, १२ लाखांवर थांबू नकोस, वरचे साडेचार आधी जमव. आणि सही करण्यापूर्वी लोनच्या कागदावर फ्लोटिंगच लिहिलंय ना, तेवढं बघ.