रीडमी साहेबांना अनावृत पत्र

प्रति,
श्री. रीडमी साहेब,
(पूर्ण नाव व पत्ता आपणच कळवलेला नाही)

विषय : आपली मागणी व सवलत योजना.

स. न. वि. वि.

आमच्या सिडकोतल्या शेजाऱ्यांच्या संगणकात, एकही फोल्डर न वगळता, आपण 'रीडमी' नावाचं जे पत्र ठेवून गेलात ते वाचलं. संगणकातलं थोडंफार मला कळतं असा गल्लीचा गैरसमज असल्यामुळे उत्तराचं काम माझ्याकडे आलं आहे.

आधी कौतुक. काळजी करू नका, असं म्हणून आपण सुरुवात करता. मग कुलूपबंद केलेल्या फायलींच्या किल्लीची किंमत सांगता : ९८० डॉलर, म्हणजे ऐंशी हजारांच्या पुढे. ७२ तासांत संपर्क साधला तर निम्मी, ४९० डॉलर. विश्वास बसावा म्हणून एक फाईल फुकट उघडून देण्याची तयारी, फक्त तिच्यात मोलाचं काही नसावं. एक ईमेल नेहमीचा, दुसरा राखीव. आणि सहा तासांत उत्तर दिसलं नाही तर स्पॅमचा कप्पा पाहण्याची सूचना. एवढी ग्राहकसेवा आम्हाला इथे पैसे भरूनही मिळत नाही. ७२ तासांची मुदत तेवढी या शहराला झेपणारी नाही. आमच्याकडे एका पाण्यानंतर दुसरं पाणी यायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि त्यावर आम्ही खंडणी नव्हे, पाणीपट्टी भरतो.

आपण दार फोडून आलात असा आरोप मी करणार नाही. आपल्याला रीतसर बोलावणं होतं. शेजाऱ्यांच्या धाकट्याला प्रभागातल्या एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायचा होता, त्यासाठी कोरलड्रॉ हवं होतं आणि ते अर्थातच फुकट हवं होतं. त्याने 'क्रॅक' उतरवला. सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं : चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. वडिलांचं आजवर एक अक्षर न ऐकलेल्या त्या मुलाने ही सूचना तंतोतंत पाळली. नंतर पडद्यावर विंडोज अपडेटची खिडकी आली, टक्के सरकू लागले. संगणक मंदावला, हार्डडिस्कचा दिवा लुकलुकत राहिला. ते अपडेट आपलं होतं, मायक्रोसॉफ्टचं नव्हे, हे कळायला त्याला जेवून यावं लागलं. तोवर सगळ्या फायलींची चित्रं पांढरी झाली होती आणि प्रत्येक नावामागे चार अक्षरांचं शेपूट लागलं होतं.

वडिलांनी रीनेम करून एकेक शेपूट छाटलं. छाटता येतं, फाईल उघडत नाही.

आपल्या घराण्याला जाणकार 'स्टॉप डीजेव्हीयू' म्हणतात. २०१८च्या अखेरीपासून आपण कंपन्यांच्या नादी न लागता फुकट सॉफ्टवेअर शोधणाऱ्या घरगुती माणसाकडे लक्ष दिलंत. आपले मोठे भाऊबंद मोठ्या घरी जातात. मार्च २०२१मध्ये आमच्या वाळूज-शेंद्र्याच्या भूखंडांचं दप्तर सांभाळणाऱ्या एमआयडीसीच्या सर्व्हरमध्ये 'सिनॅक' शिरलं. वर्तमानपत्रांनी पाचशे कोटींचा आकडा छापला. महामंडळाचं म्हणणं असं की चिठ्ठीत आकडाच नव्हता. पाहा, म्हणजे भाव स्पष्ट सांगण्यात आपणच पुढे! आपल्या मूळपुरुषाचाही भाव ठरलेला असे. १९८९मध्ये जोसेफ पॉप या प्राणिशास्त्रज्ञाने एड्सची माहिती म्हणून सुमारे वीस हजार फ्लॉप्या टपालाने पाठवल्या, संगणक अडवले आणि १८९ डॉलर पनामाच्या एका टपालपेटीत मागितले. फुकट काही घरी आलं की लावून बघायचं, ही खोड माणसाला क्रॅकच्या आधीपासून आहे.

आपली एक गोष्ट मात्र मनाला लागली. काम सुरू करण्यापूर्वी यजमान कुठल्या देशातला आहे ते आपण तपासता. रशिया, बेलारूस, युक्रेन, कझाकस्तान, आर्मेनिया, उझबेकिस्तान, सीरिया अशा ठिकाणचा निघाला तर मुकाट परत फिरता. भारताशी इतकी जुनी मैत्री, आणि यादीत मराठवाड्याला जागा नाही? अनुशेषाची आम्हाला सवय आहे, पण हा नवा प्रकार.

आता आपल्याला घालवल्याची हकीकत. आधी नेटची वायर काढली. पेनड्राइव्ह ओढून बाजूला ठेवला, कारण आपण स्वतःला टास्क शेड्युलरमध्ये नेमून घेता आणि ठरावीक वेळाने उठून नवं काही जोडलं आहे का ते पाहता. बॅकअपची डिस्क जोडायला निघालेल्या शेजाऱ्यांच्या थोरल्या लेकीचा हात मी धरला, म्हणून ती डिस्क वाचली. तिच्यावर मात्र फार जुन्या फायलींशिवाय काही नाही. आपल्या चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढला. मग डिफेंडरची ऑफलाइन तपासणी केली आणि शेड्युलरमधली आपली नेमणूक रद्द केली. अँटिव्हायरस कंपन्यांची संकेतस्थळं उघडू नयेत म्हणून होस्ट्स फाईलमध्ये आपण भरलेल्या ओळी पुसल्या. आपण जाताना पासवर्ड चोरणारा एखादा सोबतीही मागे ठेवता, म्हणून बँकेपासून जीमेलपर्यंत सगळे पासवर्ड बदलले, तेही त्या संगणकावरून नव्हे, शेजारच्या वहिनींच्या फोनवरून. शेवटी विंडोजच नव्याने टाकलं. आपण गेलात. फायली तशाच राहिल्या. पाहुणा गेला की कुलूपही जाईल, असा शेजाऱ्यांचा समज होता. तो तोडताना मला सर्वांत जास्त वेळ लागला.

किल्लीसाठी आम्ही 'नो मोअर रॅन्सम'वर गेलो. डच पोलीस, युरोपोल आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी २०१६मध्ये काढलेलं हे फुकट दुकान आपल्याला ठाऊक असेलच. तिथे चिठ्ठी आणि एक बिघडलेली फाईल दिली की कुळी कळते. ऑक्टोबर २०१९मध्ये एम्सिसॉफ्टने आपल्या १४८ अवतारांवर उतारा काढला, पण तो मुख्यतः जुन्या अवतारांवर. नव्यांत एकच आशा : काम करताना आपल्या सर्व्हरशी संपर्क झाला नाही, तर आपण त्या अवताराच्या सगळ्या यजमानांना एकच ठेवणीतली किल्ली वापरता, आणि तेव्हा चिठ्ठीतल्या क्रमांकाच्या शेवटी 'टी१' येतं. आमच्या क्रमांकाच्या शेवटी ते नाही. नेमकं त्या दिवशी सिडकोत नेट छान चालत होतं.

'हमखास किल्ली' देणाऱ्या इतरांकडे मी शेजाऱ्यांना फिरकू दिलं नाही. २०२०मध्ये 'झोराब' नावाच्या एका महाभागाने आपल्या कुलपावरची किल्ली म्हणून जे वाटलं, ते दुसरं कुलूप निघालं. आपल्या धंद्यातही भेसळ शिरली म्हणायची.

घाईमुळे आपण फाईलचे फक्त पहिले दीडशे केबी बिघडवता, त्याचा परिणाम आपल्याला कुणी कळवला नसेल. थोरलीच्या लग्नाचा व्हिडिओ काही जीबींचा. दुरुस्तीच्या साधनाने तो सुरुवातीचा तुकडा सोडून जवळजवळ सगळा परत आला : बँडपुढे घाम पुसत नाचणारे मामा, जेवणाच्या पंगतीत कॅमेऱ्याकडे पाहून घास थांबवणाऱ्या आत्या, आहेराच्या पाकिटांची रांग. थोरलीच्या पीएचडीची, आमच्या मराठवाडा विद्यापीठात सादर करायची प्रकरणं मात्र वर्डमध्ये, एकेक फाईल शंभर केबींच्या आतली. ती मुळापासून शेंड्यापर्यंत गेली. साडेतीन वर्षांचं काम वजनाला हलकं होतं, हा तिचा दोष. सध्या ती मार्गदर्शकांना वेळोवेळी पाठवलेल्या ईमेलमधून जुने मसुदे उपसते आहे. फुकट उघडून मिळणाऱ्या एका फाईलसाठी तिने प्रकरण चौथं सुचवलं, पण आपली अट आडवी आली. मोलाचं काही नसलेली फाईल घरात एकच निघाली : भाऊंचा फ्लेक्स.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार दिली आहे. पैसे देणार नाही, हे घरात एकमताने ठरलं. त्यात तत्त्वाचा भाग थोडा, बाकी ऐंशी हजारांचा. बिघडलेल्या फायली पुसलेल्या नाहीत. त्यांची डिस्क कपाटात ठेवली आहे, आणि तिच्यापायीच हा पत्रप्रपंच.

मे २०१६मध्ये 'टेस्लाक्रिप्ट'वाले दुकान बंद करत होते. ईसेट कंपनीच्या एका संशोधकाने त्यांच्याच मदतकक्षात जाऊन मुख्य किल्ली मागितली, आणि त्यांनी देऊन टाकली. एप्रिल २०२०मध्ये 'शेड'वाल्यांनी साडेसात लाखांहून जास्त किल्ल्या उघड्यावर आणून ठेवल्या. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, म्हणून मीही मागतो आहे. आमच्या क्रमांकाची तेवढी द्या. एकेक काढणं जिकिरीचं असेल तर सगळ्यांचीच द्या. त्या दोघांनी किल्लीसोबत माफीही मागितली होती. ती नसली तरी चालेल, थोरलीला प्रकरण चौथं हवं आहे.

कळावे,
आपला,
शेजारी
सिडको, छत्रपती संभाजीनगर